अँटवर्पचा भागीदार

नांदेड, श्रावण शुद्ध पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी गोदाअक्का यांस,
शरदचंद्राचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझं अक्षर बघून तुम्ही चकित व्हाल. आपल्या दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, महिन्याकाठी एकमेकींना पत्र लिहायच्या. आपण मावसभावंडं मात्र लग्नकार्यालाच भेटतो. रेणुकादास भावजी गेले तेव्हा लातूरला आलो होतो, त्यानंतर आजच लिहितो आहे.

दोन वर्षं झाली, मी इथं मोरेल कंपनीच्या कापसाच्या वखारीत दुभाषी आहे. कंपनी बेल्जम देशातली, अँटवर्प गावची. साहेब इंग्रजीत बोलतात, ते मी शेतकऱ्यांना मराठीत आणि कचेरीत उर्दूत सांगतो. उलट बाजूनं आलेलं इंग्रजीत करतो. दिवसभर तोंडाला विसावा नाही, पण त्यातला एक शब्दही माझा नसतो, असं घरी आमची प्रेमला म्हणते.

तर, कंपनीला लातूरला एक जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना विकत घ्यायचा आहे. आमचे लेमन्स साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा." बघतो तर तुमची जीन! मी म्हणालो, ही माझ्या बहिणीची आणि तिच्या भागीदाराची आहे. ते म्हणाले, उत्तम, मग पत्र तूच लिही. तेव्हा हे पत्र कंपनीचंही आहे आणि माझंही. किंमत चांगली देतील. भावजींमागे तुम्ही कारखान्याचा एवढा पसारा ओढता आहात. विचार करावा.

आपला,
शरदचंद्र

*

लातूर, श्रावण वद्य प्रतिपदा

चि. शरदचंद्र यास गोदावरीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. शेषेरावांना बोलावून वाचून दाखवलं. रेणापूरचे पाटील, ह्यांचे भागीदार, तू ओळखतोसच. ऐकताक्षणी म्हणाले, "वैनी, टाकू इकून. माझी दोन्ही पोरं जिनीकडं फिरकंनात. मला आता रेणापुरात हिरीवर बसून ऊस बघायचा हाय." म्हणजे अर्ध्या कारखान्याचं उत्तर तुला मिळालं.

राहिलेल्या अर्ध्याचं उत्तर देण्याआधी मला काही समजून घ्यायचं आहे. ही कंपनी म्हणजे कोण? शेषेराव माझे भागीदार आहेत, ते समोर बसतात, रागावतात, चहा पितात. तुझ्या कंपनीचं तोंड कुठं आहे? लेमन्स साहेब नोकर आहेत म्हणतोस, मग मालक कोण? आणि मालक मेला तर काय होतं? हे गेले तेव्हा आमची भागीदारी कागदोपत्री संपली. नवे दस्तावेज करून घेताना मी कचेरीच्या किती खेपा घातल्या, ते इथल्या पेशकाराला विचार. कंपनी मरते का रे?

आणखी एक. अँटवर्प कुठं आलं? तिथं कापूस पिकत नाही का? आमच्या लातूरचं नाव त्यांच्या कानावर गेलंच कसं? इथं तीन जिनी आहेत, त्यातली आमचीच का?

राग मानू नकोस. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

गोदावरी

*

नांदेड, श्रावण वद्य षष्ठी

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

तुमचे प्रश्न साहेबांना इंग्रजीत सांगितले तेव्हा ते आधी खो खो हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी खडू घेऊन टेबलावरच नकाशा काढला. आपल्या गाठी मुंबईहून आगबोटीत चढतात, सुवेजच्या कालव्यातून जातात आणि पुढं एका नदीच्या तोंडाशी उतरतात, तेच अँटवर्प. तिथून त्या आजूबाजूच्या गावांतल्या सूतगिरण्यांत जातात. घेंट म्हणून एक गाव आहे, तिथं साहेबांची आई राहते. त्या थंडीत कापूस पिकत नाही.

कंपनी मरत नाही, अक्का. तिचे हिस्सेदार मरतात, त्यांची मुलं येतात, हिस्से विकले जातात, कंपनी तिथंच. कायद्याच्या डोळ्यांनी ती एक माणूस आहे. तिच्या नावावर जमीन होते, ती फिर्याद करू शकते. फक्त तिला शरीर नाही. मलाही हे आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं तिचं मीठ खातो आणि ती कोण, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

तुमचीच जीन का, याचं उत्तर साहेबांनी चटकन दिलं: स्टेशनाजवळ आहे आणि यंत्रं बरी आहेत.

प्रेमला म्हणाली, अक्कांनी वकिलापेक्षा जास्त विचारलं. मी म्हणालो, एकटी बाई, वेळ जात नसेल. आम्ही येत्या आठवड्यात सर्व्हिस मोटारीनं येतो. साहेबांना कारखाना बघायचा आहे.

शरदचंद्र

*

लातूर, श्रावण वद्य त्रयोदशी

चि. शरदचंद्र यास आशीर्वाद.

अहमदपूरच्या अलीकडं तुमची मोटार चिखलात रुतली आणि साहेबांनी बूट हातात घेऊन ती ढकलली, हे ड्रायव्हरनं गावभर केलंय. इथली पोरं त्यांना लिंबूसाहेब म्हणून राहिलीत. माणूस मला आवडला. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, पण ताटात काही टाकलं नाही.

तू शेषेरावांबरोबर जमिनीचा नकाशा बघत होतास, तेव्हा मी साहेबांच्या मागं मागं हिंडत होते. तुला दिसलं नाही ते सांगते.

हंगाम नाही, तरी मागचा थोडा कापूस निवडायचा होता म्हणून लक्ष्मम्मा तिच्या बायका घेऊन पडवीत बसली होती. निलंग्याकडची ती, अर्धं कानडी बोलते. आमच्याकडं पानं, काडीकचरा, पिवळी बोंडं हातानं वेचल्याशिवाय कापूस यंत्रात जात नाही, हा ह्यांनी घातलेला नेम. साहेब तिथं उकिडवे बसले. चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धागा उजेडात बघितला. पुन्हा घेतला, पुन्हा बघितला. लक्ष्मम्मा हसायला लागली, तेही हसले. मग गाठीवरचा आमचा दोन मोरांचा मार्का बोटानं पुसून बघत राहिले.

इकडं आमच्या इंजनवाल्या बसवंतानं पहाटेपासून इंजन घासून लखलख केलं होतं, हळदकुंकू लावलं होतं. साहेब त्याच्यासमोरून गेले ते गेलेच. बॉयलर किती जुना, कोळसा किती लागतो, एक सवाल नाही. विचारलं काय, तर गाड्या कोणकोणत्या गावांहून येतात आणि फाटकापासून छोट्या गाडीचा रूळ किती लांब आहे.

बसवंत माझ्याकडं आला. म्हणाला, "अक्का, सायबानं इंजनाकडं बगितलंबी न्हाई. घेनार हाय का मोडनार हाय?"

शरद, बैल घ्यायला आलेला माणूस दात बघतो. दात न बघणाऱ्याला बैल औताला जुंपायचा नसतो. तुला काही ठाऊक आहे का?

आता धोंड्याचा महिना लागेल. अधिक भाद्रपद संपेपर्यंत मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही, तेवढं साहेबांना सांग.

गोदावरी

*

नांदेड, अधिक भाद्रपद शुद्ध दशमी

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्रानं मला थोडं लागलं. साहेब कापसाचे जाणकार आहेत, इंजिनिअर नव्हेत. इंजन बघायला कंपनी वेगळा माणूस पाठवेल. कारखाना मोडायला कोणी एवढे पैसे टाकतं का? मी माझ्या शब्दावर सांगतो, जीन चालणार आहे.

अधिक महिन्याची मात्र इथं मोठी गंमत झाली. साहेब मला विचारत होते, "तुमच्यात महिना वाढवता येतो?" मी म्हणालो, हो, चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब जुळेना की एक महिना दोनदा येतो. त्यांनी अँटवर्पला तार केली, 'जादा महिन्यामुळं सही लांबली.' तिकडून उलट तार आली, 'जादा महिन्याचा खुलासा करा.' साहेबांनी दोन दिवस घालवून मोठा खुलासा लिहिला. तो लिहिताना ते इतके रंगले की काही विचारू नका.

गणपती झाल्यावर इथं बैठक ठरली आहे. हैदराबादहून कंपनीचे वकील येतील. तुम्ही आणि शेषेराव दोघंही या. उतरायला आमचं घर आहेच.

शरदचंद्र

*

लातूर, अधिक भाद्रपद वद्य तृतीया

चि. शरदचंद्र यास आशीर्वाद.

मी येणार नाही. समोर बसले तर तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि माझं अजून कुठलंच ठरलेलं नाही. शेषेराव येतील. त्यांचा अर्धा त्यांनी विकावा, माझ्या अर्ध्यावर त्यांची सही चालत नाही.

त्यांच्याबरोबर एकच सवाल पाठवते: पुढच्या हंगामात इंजन कोण चालवणार? साहेब जे बोलतील ते जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस, कडू करू नकोस. तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण तो शब्द तुझा आहे, साहेबांचा नाही. मला साहेबांचा हवाय.

गोदावरी

*

नांदेड, निज भाद्रपद वद्य द्वितीया

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

झालं ते सगळं सांगतो.

काल बैठक झाली. साहेब, वकील, शेषेराव आणि मधे मी. किमतीवर फार ओढाताण झाली नाही. मग शेषेरावांनी फेटा सारखा केला आणि तुमचा सवाल टाकला. मी तो इंग्रजीत सांगितला.

साहेबांनी माझ्याकडं न बघता वकिलाकडं मान वळवली आणि हळूच म्हणाले, "यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगा. पुढच्या वर्षी चालवायला इंजनच राहणार नाही."

अक्का, मी ते पहिल्यांदाच ऐकलं. वकील उर्दूत काहीतरी गोलमाल बोलायला लागले. शेषेरावांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "तू सांग. सायेब काय म्हनला?"

"साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी चालवायला इंजनच राहणार नाही."

शेषेरावांचं तोंड बघून साहेबांना काय ते उमगलं. मला म्हणाले, "हे मी तुला सांगायला सांगितलं नव्हतं."

"साहेब, टेबलावर बोललं जातं ते सांगण्याचाच मला पगार आहे," मी म्हणालो. एवढं बोलण्याची हिंमत कुठून आली, कोण जाणे.

झाकण उडालंच होतं, तेव्हा साहेबांनी सगळं उघड केलं. लपवाछपवी नाही, शाळामास्तर धडा समजावतो तसं. कंपनी बार्शीला एक मोठा प्रेस उभारते आहे. बार्शी इंग्रजी हद्दीत, तिथं आपल्या हैदराबाद सरकारची परवानगी लागत नाही. लातूरच्या तिन्ही जिनी घ्यायच्या, बंद करायच्या आणि इथला सगळा कापूस छोट्या गाडीनं हद्दीपार न्यायचा. पहिली तुमची, म्हणजे बाकीचे दोघं आपोआप येतील.

मला वाटलं, आता शेषेराव उठून जातील. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकून प्यायला, आणि म्हणाले, "बंद करनार व्हय? करा. मी तर इकायलाच आलोय. वैनीचं वैनी बघंल."

त्यांच्या अर्ध्याची बोली पक्की झाली. खरं बोललं की वाईट गोष्ट तिथंच अडते, असं मी समजत होतो. तसं काही झालं नाही. मी तुम्हाला शब्द दिला होता की जीन चालणार. माझ्या तोंडून कंपनीनं तुम्हाला फसवलं, आणि मला ते ठाऊक नव्हतं, हे सांगूनही माझं समाधान होत नाही.

साहेबांनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं आहे. प्रेमलानं जेवायला वाढलं आणि माझ्याजवळ बसून राहिली.

शरदचंद्र

*

लातूर, निज भाद्रपद वद्य सप्तमी

चि. शरदचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी शेषेराव पोचले. मोटारीतून उतरून तडक माझ्याकडं आले. म्हणाले, "वैनी, पोरगं खरं बोललं. तोंडाचा रंग उडाला, पन बोललं." तेव्हा तुझ्यावर माझा रोष आहे असं मनातही आणू नकोस. शेषेरावांवरही नाही. हे गेले तेव्हा त्यांना मला बाजूला सारता आलं असतं. त्यांनी उलट दफ्तरात ह्यांच्या खुर्चीवर मला बसवलं आणि बसलेल्या माणसांना उठून उभं राहायला लावलं. आता त्यांना विहिरीवर बसायचं असेल तर बसू दे.

लक्ष्मम्माला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यव्वा, कापूस गाडीत बसून बार्शीला जाईल. आमी कशात बसून जायचं?" तिच्या पडवीत चाळीसएक बायका बसतात. बसवंताला तर मी अजून सांगितलेलंच नाही.

पण एक गोष्ट मला सुटत नाही. बंद करायला आलेला माणूस पडवीत उकिडवा बसून कापूस ओढत का बसला? आमचा मार्का पुसून का बघितला? ते तोंड मोडायला आलेल्याचं नव्हतं. शरद, त्यांना विचार: आमच्या गाठी तिकडं उघडतात तेव्हा गिरणीवाले काय म्हणतात? आणि बार्शीच्या मोठ्या प्रेसात कापूस वेचायला कोण बसणार आहे? दहा गावांचा माल एकात एक मिसळला की त्याला दोन मोर म्हणता येईल का?

माझं म्हणणं असं सांग. शेषेरावांचा अर्धा कंपनीनं घ्यावा. माझा अर्धा मी विकत नाही. कंपनी माझी भागीदार होईल. जीन दर हंगामाला चालली पाहिजे. कंपनीनं ती थांबवली तर तिचा अर्धा फुकट माझा, मी थांबवली तर माझा अर्धा फुकट तिचा. आणि दोन मोरांचा मार्का इथं बांधलेल्या गाठीखेरीज कुठल्याही गाठीवर लागणार नाही.

मुनशीकडून मी एक उर्दू दरखास्तही हैदराबादला पाठवली आहे. बाहेरच्या मुलखातली कंपनी रियासतीतला कारखाना बंद करण्यासाठी घेऊ शकते का, एवढंच त्यात विचारलंय. तक्रार नाही, सवाल आहे.

साहेबांनी आत घेतलं नाही तर पायरीवर बसून राहा. उन्हाचं काहीतरी डोक्याला बांध.

गोदावरी

*

हैदराबाद, कार्तिक शुद्ध सप्तमी

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. प्रेमलानं खुशाली कळवली असेलच. माझी दिवाळी इथंच एका खानावळीत झाली. सुरुवातीपासून सांगतो.

पायरीवर बसावं लागलं नाही. साहेबांनी आत बोलावलं, पण बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच तुमचं म्हणणं सांगितलं. ऐकून त्यांनी टाक खाली ठेवला. मग विचारलं, "या बाईंचा वकील कोण?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

तेव्हा कुठं म्हणाले, बस.

अक्का, तुमचा अंदाज खरा होता, आणि त्याहून जास्त काही निघालं. घेंटच्या दोन गिरण्या दोन मोरांच्या गाठी नाव घेऊन मागतात. साहेबांनी लातूरहून परत येताच अँटवर्पला लिहिलं होतं की बाकीच्या दोन बंद करा, ही करू नका. वरून उत्तर आलं, मोठ्या प्रेसाची यंत्रं मागवून झाली आहेत, सांगितलं तेवढं करा. म्हणजे बैठकीत साहेब जे बोलले ते त्यांचंही मन नव्हतं! तुम्ही कंपनीचं तोंड विचारलं होतं. तिला तोंडं पुष्कळ आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही, एवढं मला कळलं.

तुमच्या अटी हातात आल्यावर साहेबांना भांडायला बळ आलं. त्यांनी मला पुन्हा कामावर घेतलं, तारांवर तारा झाल्या. अर्धा हिस्सा घेणं शेवटी अँटवर्पनं मान्य केलं. बंद केल्यास हिस्सा जाईल, ही अट मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

एवढ्यात हैदराबादहून बोलावणं आलं. साहेब, वकील आणि मी इथं आलो. अंमलदार मोठे अदबशीर. चहा दिला, तब्येत विचारली, तुमची दरखास्त समोर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आप कारखाना चलाने के लिए ले रहे हैं या बंद करने के लिए?"

वकील बोलायला पुढं सरसावले. साहेबांनी त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "सांग, चालवण्यासाठी." मी सांगितलं. अंमलदारांनी लगेच कागदावर लिहिलं: कारखाना चालू राहील या शर्तीवर इजाजत. आता अँटवर्पला तुमची अट मानण्यावाचून इलाज नव्हता, कारण तीच अट सरकारची झाली.

पण आणखी एक शर्त घातली. जमीन आणि अर्धा हिस्सा परक्या कंपनीच्या नावावर होणार नाही. रियासतीत जन्मलेल्या, मुलकी माणसाच्या नावावर हवा. वकिलांनी स्वतःचं नाव पुढं केलं. साहेब म्हणाले, नको. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जो माझं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगतो, तो त्यांचंही मला तसंच सांगेल."

अक्का, कागदोपत्री अर्धी जीन माझ्या नावावर झाली आहे. तिच्यातला सुताचा धागाही माझा नाही. मला कंपनीचा मुखत्यार म्हणून लातूरला राहायला यायचं आहे. आनंद झाला म्हणावं तर भीतीही वाटते. आजवर मी दोन माणसांच्या मधे बसत आलो. आता एका बाजूला बसायचं, आणि समोर तुम्ही. तुम्हाला हे चालेल का? नको म्हणालात तर मी साहेबांना तसं सांगेन.

शरदचंद्र

*

लातूर, कार्तिक वद्य पंचमी

राजमान्य राजश्री शरदचंद्रराव, मुखत्यार, मोरेल कंपनी यांस,

कारखान्याच्या निम्म्या हिश्शाच्या मालक गोदावरीबाई रेणुकादास यांजकडून कळविण्यात येते की, नवीन दस्तावेज दाखल झाल्यावर काल सकाळी इंजन सुरू करण्यात आलं. रेणापूर आणि औशाकडील गाड्या येऊ लागल्या आहेत.

कापूस वेचणाऱ्या बायका निम्म्या कराव्यात, अशी कंपनीची सूचना आली आहे. ती मंजूर नाही. वेचणी कमी झाली तर मार्का लावता येणार नाही, हे कंपनीच्या गिरणीवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्रेसच्या खोलीचं छत गळतं. दुरुस्तीचा निम्मा भार कंपनीनं उचलावा. आपण स्वतः येऊन पाहणी करावी.

गोदावरीबाई रेणुकादास

*

चि. शरद,

वरचा कागद भागीदाराला आहे, तो फायलीत लाव. हा तुला.

नको कशाला म्हणेन? ये. बाजारातल्या गोलाईच्या मागं दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय, पाणी जवळ आहे. प्रेमलाला सांग, तुळशीचं रोप आणायची गरज नाही, इथं आहे. लेकरांना लगेच शाळेत घालू नका, आधी चार दिवस माझ्याकडं खेळू देत.

दफ्तरात मी तुला शरदचंद्रराव म्हणेन आणि तू मला बाईसाहेब. बसवंतासमोर म्हणून बघितलं तर तो तोंडावर पटका धरून हसत बाहेर गेला. हसायचं तर बाहेर जाऊनच हस. आणि ऐक, तुला पगार कंपनी देते. माझ्याविरुद्ध बोलायची पाळी येईल, नक्की येईल. तेव्हा माझ्याकडं बघून पुटपुटू नकोस, मोठ्यानं बोल. मीही बोलेन. तुला न कळवता मी माझ्या माणसांशी मसलत करेन, तेव्हा दार लावून घेईन, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. जेवायला मात्र एकादशी सोडून रोज आमच्याकडं, आणि ताटावर जिनीचा विषय नाही.

शेषेराव काल इंजन सुरू होताना आले होते. लांब उभे राहिले. मी म्हटलं, आत या की. म्हणाले, "न्हाई वैनी, आता आपली न्हाई ती." तरी भोंगा वाजेपर्यंत हलले नाहीत. जाताना लक्ष्मम्माच्या पडवीत गूळ ठेवून गेले.

हंगामाची पहिली गाठ काल बांधली. मी स्वतः तिच्यावर दोन मोर उमटवले. आता ती छोट्या गाडीनं, मोठ्या गाडीनं, आगबोटीनं पार घेंटला जाईल. येताना साहेबांना एवढं विचारून ये, तिथं ती गाठ कापून उघडणारा बाप्या असतो की बाई? आणि बाई असेल, तर तिचं नाव काय?

तुझी,
गोदाअक्का